स्टेशनसमोरचा पूल

नागपूर रेल्वे स्थानकाची आजची इमारत १५ जानेवारी १९२५ रोजी मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते सुरू झाली. वालुकाश्मातली ही देखणी वास्तू शंभरी ओलांडून आजही रोज हजारो प्रवाशांना आत-बाहेर सोडते आहे. तिच्या तोंडासमोर महापालिकेने २००८च्या सुमारास एक उड्डाणपूल बांधला. त्याचं एक टोक जयस्तंभ चौकाच्या बाजूला होतं, दुसरं टेकडीच्या गणपतीच्या बाजूला, आणि पोटात दीडशेहून जास्त गाळे होते. २०२४ साली हा पूल पाडण्यात आला. काँक्रीटच्या पुलाचं आयुष्य १०० वर्षं धरून आराखडा करावा, असं आजची भारतीय संहिता सांगते. हा पूल सोळा वर्षांतच गेला.

तो जीर्ण झाला होता म्हणून नव्हे, तर वाहतुकीच्या आड येऊ लागला म्हणून. स्टेशनसमोरची कोंडी फोडायला तो बांधला होता आणि कोंडी फोडायलाच पाडला. त्या जागी सहापदरी रस्त्याची योजना आली, काम महामेट्रोकडे गेलं, गाळेधारक उच्च न्यायालयात गेले, आणि स्टेशनवर उतरणारा प्रवासी नेहमीप्रमाणे बॅगा सांभाळत, गाड्या चुकवत रस्ता ओलांडत राहिला. एका शहराने एकाच चौकाबद्दल सोळा वर्षांत दोन उलट निर्णय घेतले आणि दोन्ही वेळा जनतेचाच पैसा खर्च केला, हे मला फार गंभीर वाटतं. म्हणून चौकाचा निर्णय होतो तरी कसा, हे या प्रकरणात मुळापासून बघू.

आधी चौक म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. चार रस्ते एकत्र येतात, प्रत्येकावरून गाडी सरळ, डावीकडे किंवा उजवीकडे जाऊ शकते. या सगळ्या वाटा कागदावर काढल्या तर त्या एकमेकींना ३२ ठिकाणी भिडतात. त्यातल्या १६ ठिकाणी एक वाट दुसरीला छेदून जाते, ८ ठिकाणी दोन वाटा मिळतात आणि ८ ठिकाणी एकीतून दुसरी फुटते. अपघात होतात ते मुख्यतः त्या १६ छेदनबिंदूंवर. तीन रस्त्यांचा टी-पॉइंट असेल तर एकूण बिंदू ९वर येतात. मधोमध गोल बेट घालून सगळ्यांना एकाच दिशेने फिरवलं, तर ते ८वर येतात आणि छेदनबिंदू उरतच नाही. वाहतूक अभियंत्याची सारी धडपड या ३२ बिंदूंशी चाललेली असते.

त्याच्या हाती साधनं मोजकीच आहेत. सिग्नल लावला की तो वाटांना वेळ वाटून देतो. १९५८ साली ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या वेब्स्टर यांनी सिग्नलचं चक्र किती सेकंदांचं असावं याचं सूत्र मांडलं, आणि जगभरचे अभियंते आजही तिथूनच सुरुवात करतात. त्या सूत्राचं मर्म असं, की रस्ता क्षमतेच्या जवळ पोचला की चक्र झपाट्याने लांबत जातं. म्हणजे चौक भरत आला की प्रत्येकाला फार थांबावं लागतं, आणि सगळ्यात जास्त थांबतो तो पायी चालणारा, कारण त्याची पाळी शेवटी येते किंवा येतच नाही. दुसरं साधन गोल बेट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७६च्या मार्गदर्शिकेनुसार ताशी ३,००० वाहनांच्या वर गेलं की रोटरी तुंबते. नागपूरच्या जुन्या चौकांमधले मोठाले गोल याच कारणाने ठिकठिकाणी कमी केले गेले किंवा काढले गेले. तिसरं साधन उड्डाणपूल: काही वाटा सरळ वरून काढायच्या.

पूल बांधला की चौक सुटला, असं आपल्याकडे धरून चालतात. पण पुलाने सुटतात त्या फक्त सरळ जाणाऱ्या वाटा. डावी-उजवीकडची वळणं खालीच राहतात, आणि त्यांना खाली जागाही कमी मिळते, कारण आता तिथे खांब, चढ-उताराचे रॅम्प आणि त्यांच्या भिंती आलेल्या असतात. ज्या चौकात बहुतेक गाड्या सरळ निघून जातात तिथे हा सौदा परवडतो. रेल्वे स्थानकासमोर तो परवडणं मुळातच कठीण होतं. स्टेशन हे लोकांचं पोचायचं ठिकाण आहे. आटो तिथे थांबतो, शहराची ‘आपली बस’ तिथे थांबते, घरची गाडी तिथे पाहुण्यांना सोडायला येते. स्टेशनसमोरच्या गर्दीतल्या बहुतेकांना स्टेशनच गाठायचं असतं. वरून निघून जाण्याचं त्यांना काही काम नसतं. पुलाने सोय झाली ती पुढे जाणाऱ्यांची. ज्यांच्यामुळे कोंडी होत होती ते खालीच राहिले, आणि त्यांच्या वाट्याला आले खांब, गाळे आणि दोन्ही बाजूंचे चिंचोळे रस्ते. त्यात पुढे शेजारीच राम झुला हा केबलवर तोललेला रेल्वे उड्डाणपूल उभा राहिला आणि शहराच्या पूर्वेकडची वाहतूक जयस्तंभ चौकात नव्या जोराने उतरू लागली. जुन्या पुलाचं गणित ज्या वाहतुकीवर मांडलं होतं, ती वाहतूकच बदलली.

गाळ्यांचं काय? पुलाखाली दुकानं काढण्यामागे सरळ हिशोब असतो. खालची जागा मोकळी सोडली तर अतिक्रमण होतं, गाळे केले तर उत्पन्न मिळतं, आणि रस्त्यावरच्या जुन्या दुकानदारांची सोयही लागते. महापालिकांची तिजोरी कायम अशक्त असल्यामुळे असा प्रस्ताव सभागृहात आला की त्याला विरोध करणं अवघड जातं. पण दुकान आलं की गिऱ्हाईक येतं, गिऱ्हाईक आलं की त्याची दुचाकी येते, आणि दुचाकी उभी राहते ती रस्त्यावरच. रस्ता मोकळा करायला बांधलेल्या पुलाखाली आपणच रस्ता भरणारा बाजार वसवतो. २००८ साली हे कळायला कुठल्याही परदेशी सल्लागाराची गरज नव्हती. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, संध्याकाळी चालणाऱ्या कुणीही ते सांगितलं असतं.

आता मोजणीकडे वळू, कारण सगळ्या निर्णयांचं मूळ तिथे आहे. चौक सुधारायचा ठरला की आधी वाहनं मोजतात. ट्रक, मोटार, स्कूटर, सायकल यांची बेरीज करायला सगळ्यांना एकाच मापात आणावं लागतं. ते माप म्हणजे पीसीयू: एक मोटार म्हणजे १. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या, १०६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत शहरी रस्त्यांसाठी दुचाकीला वाहतुकीतल्या तिच्या प्रमाणानुसार ०.५ किंवा ०.७५ दिलं आहे, आटोला १.२ किंवा २, बस-ट्रकला २.२ किंवा ३.७, सायकलला ०.४ किंवा ०.५. रस्त्यावरची किती जागा कोण अडवतं, याचा हा अंदाज आहे आणि त्या कामापुरता तो योग्यही आहे. या तक्त्यात एक गोष्ट मात्र लक्ष देऊन बघा. साठ प्रवासी घेऊन जाणारी बस फार तर ३.७ आहे आणि एकटा माणूस बसलेली मोटार १ आहे. म्हणजे बसमधल्या एका प्रवाशाच्या वाट्याला मोटारीतल्या माणसाच्या सोळाव्या हिश्श्याएवढी जागा येते, तरी चौकात दोघांना सारखंच ताटकळावं लागतं. आणि पायी चालणारा या तक्त्यात कुठेच नाही.

त्याच्यासाठी वेगळी मार्गदर्शिका आहे, १०३ क्रमांकाची. तिच्यात पदपथाची चालण्याजोगी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी असं म्हटलं आहे. पण कोंडी किती, पूल हवा का, पदर किती हवेत, हे प्रश्न ज्या आकड्यावर सुटतात तो आकडा पीसीयूचा असतो. चालणाऱ्यांचा विचार होतो तो आराखडा ठरल्यावर, उरलेल्या जागेत.

स्टेशनसमोरच्या सहापदरी रस्त्याचं उदाहरण घेऊ. शहरी रस्त्याचा एक पदर साधारण ३.५ मीटरचा धरतात. सहा पदरांचे झाले २१ मीटर, दुभाजक वेगळा. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून सिग्नलचं गणित करायची पद्धत आहे. त्याला पलीकडे जायला साडेसतरा सेकंद लागतील. आता एका हातात बॅग, दुसऱ्या हातात लहान मूल आणि मागे सासूबाई, अशी बाई विदर्भ एक्स्प्रेसमधून उतरलेली डोळ्यांसमोर आणा. तिचा वेग ०.९ मीटर धरला तरी फार झालं. तिला तेवीस सेकंदांहून जास्त लागतील. चालणाऱ्यांसाठी १५ सेकंदांचा हिरवा दिवा ठेवला, तर धडधाकट माणूससुद्धा शेवटच्या पदरात असताना दिवा लाल होईल आणि ही बाई चौथ्या पदरात असेल. मध्ये दुभाजकावर बॅगांसह उभं राहण्याइतकी जागा ठेवली, तर अर्धा-अर्धा रस्ता साधारण बारा सेकंदांत ओलांडता येतो. त्यासाठी दुभाजक दोन मीटर तरी रुंद हवा, तिथे कठडा तोडून वाट हवी, आणि हे सगळं नकाशावर पहिल्या दिवसापासून हवं. मागाहून ते बसवता येत नाही. बसवायला गेलं की एक पदर कमी होतो आणि पदर कमी करायला कुणी तयार नसतं.

नागपुरात तर चौकाला आणखी एक काम आहे, जे कुठल्याच तक्त्यात मावत नाही. १९५३च्या नागपूर करारामुळे राज्याच्या विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं, आणि त्या दिवसांत राज्यभरातून मोर्चे येतात. मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, टेकडी रोड ही नावं मोर्चे अडवण्याच्या जागा म्हणूनच महाराष्ट्राला माहीत आहेत. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यात बायका आणि मुलं फार होती. निवेदन घ्यायला कुणी आलं नाही, गर्दी वाढत गेली, लाठीमार झाला, आणि पळायला वाट उरली नाही. आज बर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचं नाव आहे आणि जवळच त्यांचं स्मारक आहे. या परिसरात रस्त्याचा एक कठडा, एक भिंत, एक रॅम्प टाकताना गर्दीला बाहेर पडायला वाट कुठे आहे हा प्रश्न पहिला यायला हवा. मी हे भावनेच्या भरात म्हणत नाही. गर्दीशास्त्राचा हा पहिला धडा आहे: माणसं दाटीने उभी असताना बाहेरची वाट अरुंद होत गेली की रेटा मागून वाढत जातो आणि पुढच्यांना तो थांबवता येत नाही.

हे प्रश्न विचारायचे कुणी आणि कुठे? त्याची जागा आपल्या कायद्याने ठरवून दिली आहे: महापालिकेची आमसभा.

नागपूरची नगरपालिका १८६४ची, महापालिका १९५१ची. तिचा १९४८चा स्वतंत्र कायदा होता. २०१२पासून तीही राज्याच्या सामाईक महानगरपालिका अधिनियमाखाली आली. कितीतरी वर्षं आमसभा महालातल्या टाऊन हॉलमध्ये भरत असे. तिथे चौकाचा विषय कसा येतो ते बघण्यासारखं आहे. अभियंता विभाग प्राकलन तयार करतो, नस्ती वरवर सरकत आयुक्तांपर्यंत जाते, विषयपत्रिकेवर क्रमांक पडतो. नगरसचिव विषय पुकारतात. एक सदस्य ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो. कुणाला बदल हवा असेल तर तो उपसूचना देतो. कुणी ओरडतं, ‘प्रशासनाने खुलासा करावा!’ आणि अधीक्षक अभियंता उभा राहतो. महापौरांना वाटलं तर विषय पुढच्या सभेपर्यंत स्थगित होतो. खर्चाच्या निविदा १६ सदस्यांच्या स्थायी समितीपुढे जातात. सभेने कायद्याबाहेरचा किंवा शहराच्या हिताविरुद्धचा ठराव केला असं वाटलं, तर आयुक्त तो विखंडनासाठी, म्हणजे रद्द करण्यासाठी, शासनाकडे पाठवतात; कलम ४५१ तेवढ्यासाठीच आहे. रस्ता विकास आराखड्यातल्या रुंदीपेक्षा जास्त रुंद करायचा असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७खाली जाहीर सूचना काढून एक महिन्यात हरकती मागवाव्या लागतात आणि ज्यांची जागा जाते त्यांना ऐकून घ्यावं लागतं.

कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. व्यवहारात ती लंगडते, हेही खरं. २०१७च्या निवडणुकीत १५१पैकी १०८ जागा एकाच पक्षाला मिळाल्या होत्या. अशा सभागृहात मतदानाचा निकाल आधीच ठरलेला असतो आणि कित्येक विषय ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात मिनिटभरात निघून जातात. २० जून २०२० रोजी सुरेश भट सभागृहातल्या आमसभेत आयुक्त तुकाराम मुंढे आणि नगरसेवक यांच्यात इतकं पेटलं की आयुक्त सभा सोडून गेले. त्यात कोण बरोबर होतं याच्या बाजू नागपूरकरांनी तेव्हाच घेतल्या होत्या. मला त्या प्रसंगात दुसरंच महत्त्वाचं वाटतं. अधिकारी आणि लोकप्रतिनिधी एकमेकांसमोर, पत्रकारांच्या देखत भांडत होते, आणि कोण काय बोललं ते शहराला दुसऱ्या दिवशी वाचायला मिळालं. बहुमत एकतर्फी असलं तरी विरोधी बाकावरच्या एखाद्या सदस्याने विचारलेला प्रश्न आणि प्रशासनाने दिलेलं उत्तर इतिवृत्तात उतरतं. दहा वर्षांनी पूल पाडायची वेळ आली की तेच इतिवृत्त सांगतं, की हा धोका कुणी दाखवला होता का, आणि दाखवला असेल तर कुणी उडवून लावला.

स्टेशनसमोरच्या पुलाची मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट इथे आहे. पूल उभारला तेव्हा महापालिकेत निवडून आलेलं सभागृह होतं. तो काढून रस्ता रुंद करण्याची कल्पना पुढे आली तेव्हाही होतं. पण प्रत्यक्ष हातोडा पडला तेव्हा नव्हतं. २०१७च्या सभागृहाची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला, निवडणुका लांबल्या, सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी त्या घेण्याचा आदेश दिला, आणि नागपुरात मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ला. मधली जवळपास चार वर्षं कारभार शासनाच्या प्रशासकाकडे होता: आमसभाही प्रशासक, स्थायी समितीही प्रशासकच. ज्याने प्रस्ताव मांडायचा त्यानेच तो मंजूर करायचा. प्रशासक कितीही कार्यक्षम असो, स्वतःला उलटा प्रश्न विचारण्याची सोय त्या खुर्चीत नाही.

सभागृह नसलं की वाद थांबत नाहीत. ते न्यायालयात जातात. आणि न्यायालयात कोण जाऊ शकतं? ज्याच्या हातात कागद आहे तो. गाळेधारकाकडे परवान्याचा करार होता, भरलेल्या रकमेच्या पावत्या होत्या. पर्यायी गाळा मिळणार की भरपाई, किती आणि कधी, हे तो न्यायालयाला विचारू शकत होता, आणि त्याने ते विचारलं हे योग्यच केलं. ज्याने महापालिकेच्या शब्दावर दुकान थाटलं त्याला रस्त्यावर काढणं अन्यायाचंच झालं असतं. पण स्टेशनवरून बर्डीला पायी जाणाऱ्या मजुराकडे कुठलाच करार नसतो. आटोची वाट बघणाऱ्या म्हातारीकडे पावती नसते. वर्षानुवर्षं तो रस्ता वापरूनही त्यांचा त्यावर लेखी हक्क काही नाही. त्यांच्या वतीने बोलायला एकच माणूस असतो, त्यांच्या प्रभागाचा नगरसेवक. तोच नसेल तर या भांडणात दोनच पक्ष उरतात: बांधणारा आणि दुकानदार.

पुण्याने हे आपल्याआधी पाहिलं. विद्यापीठ चौकातले दोन उड्डाणपूल जुलै २०२०मध्ये पाडले गेले, कारण तिथून मेट्रो जाणार होती. तेही दीड दशकाच्या आसपासचेच होते. त्या पुलांमुळे कोंडी सुटली नाही असं पुणेकर पहिल्या वर्षापासून म्हणत होते. दक्षिण कोरियात सोलच्या मध्यवस्तीत चोंगेचॉन ओढ्यावर घातलेला उन्नत रस्ता २००३ साली पाडायला घेतला आणि २००५मध्ये तिथे ओढा पुन्हा वाहता झाला. त्या रस्त्याच्या कडेने हजारो छोटे व्यापारी होते आणि त्यांचा कडाडून विरोध होता. तिथल्या पालिकेने त्यांच्याशी ४,०००हून जास्त वेळा बैठका केल्याचं नोंदलं गेलं आहे. तोड पूर्णपणे न्याय्य होती असं नाही. काही व्यापारी मागेच राहिले. पण पाडण्याआधी बोलणं झालं.

आपल्याकडे बोलणं किती उशिरा होतं, ते अशोक चौकात दिसलं. इंदोरा ते दिघोरी हा सुमारे नऊ किलोमीटरचा, ९९८ कोटी रुपयांचा उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण बांधत आहे. अशोक चौकात या पुलाला वरच्या वर गोल रोटरी आहे. २०२५ साली तिची एक कड शेजारच्या जुन्या घराच्या गॅलरीत शिरल्यासारखी दिसणारी छायाचित्रं देशभर फिरली. लोक हसले. प्राधिकरणाने सांगितलं की गॅलरीचा तो भाग अनधिकृत आहे आणि तो काढायला महापालिकेला कळवलेलं आहे. घर कुणाचं आणि किती अधिकृत, हा मुद्दा बाजूला ठेवून कामाचा क्रम बघा. आधी नकाशा झाला, मग निविदा, मग कार्यादेश, मग खांब उभे राहिले, तुळया चढल्या, आणि रोटरीची कड सज्ज्याला भिडली तेव्हा दोन सरकारी यंत्रणा पत्रं कुणी कुणाला पाठवली ते सांगू लागल्या. पूल केंद्राच्या संस्थेचा, जमीन वापराची परवानगी महापालिकेची, वाहतुकीचं नियमन पोलिसांचं. स्टेशनसमोर तर यादी आणखी लांब आहे: रेल्वे, महापालिका, महामेट्रो, वाहतूक पोलीस. त्यात ११ डिसेंबर २०२२ला पंतप्रधानांच्या हस्ते स्थानकाच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली, म्हणजे आतल्या बाजूनेही प्रवाशांच्या येण्याजाण्याच्या वाटा बदलणार. शहरात १९३६च्या कायद्याने आलेली सुधार प्रन्यास आहे, महानगर क्षेत्र विकास प्राधिकरण आहे, सार्वजनिक बांधकाम विभाग आहे. या प्रत्येकाचा अभियंता आपापल्या हद्दीत चोख काम करू शकतो आणि तरीही चौक बिघडू शकतो, कारण हद्दी चौकातच येऊन मिळतात. या सगळ्यांना एका खोलीत बोलावून ‘खुलासा करा’ म्हणणारी शहरातली एकमेव निवडून आलेली संस्था महापालिकेचं सभागृह आहे. केंद्राच्या प्रकल्पावर त्याचा हुकूम चालत नाही. पण जमीन, नळ, गटार, पथदिवे आणि अतिक्रमण त्याच्या हाती असल्यामुळे त्याला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलायला नको.

पूल नकोतच, असं माझं म्हणणं नाही. वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल, खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो, लांब पल्ल्याच्या सरळ वाहतुकीला उपयोगी पडतो, कारण तिथे सरळ वाहतूक खरोखर आहे. गड्डीगोदामला रेल्वेसकट चार थर एकावर एक आहेत. हे कौशल्य अभिमान बाळगावा असंच आहे. वाद आहे तो कुठल्या चौकाला कुठलं औषध, याचा. आणि ते ठरवायला वाहनांच्या मोजणीइतकीच माणसांची मोजणी लागते: किती जण उतरतात, किती जण ओलांडतात, किती जण थांबतात, त्यांच्या हातात काय असतं.

स्टेशनसमोरच्या रस्त्याचे बरेच प्रश्न अजून विचारण्यासारखे आहेत. सहा पदरांपैकी डावीकडचा पदर आटो आणि बसला राखीव राहणार की तिथे पुन्हा गाड्या उभ्या राहणार? प्रवासी स्टेशनच्या दारातून पलीकडे नेमका कुठून जाणार, आणि तिथे दुभाजक किती रुंद आहे? पदपथाची १.८ मीटर रुंदी विजेचे खांब, कचरापेट्या आणि फलक वगळून मोजली आहे का? जयस्तंभ चौकात चालणाऱ्यांना किती सेकंद मिळतात, आणि ती सेकंदं कुणाच्या चालीने ठरवली? हे लेखी विचारता येतं. नव्या सभागृहात बसलेल्या १५१पैकी कुणीही एकाने ते पत्र नगरसचिवांकडे दिलं, की ते विषयपत्रिकेवर येण्याच्या वाटेला लागतं. आणि सिग्नलची सेकंदं बदलायला निविदा लागत नाही, भूसंपादन लागत नाही, निधी लागत नाही. वाहतूक पोलीस आणि महापालिकेच्या अभियंत्याने एका दुपारी उभं राहून माणसं मोजली, की संध्याकाळच्या गाड्यांच्या आत ते काम होऊ शकतं.